भागाकाराची बाकी आणि शिवकाळाची कालनिश्चिती

१.
जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद आहे. तीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया आणि शुक्रवार असे तपशील येतात. वाचकाला ही एकाच दिवसाची लांबलचक ओळख वाटते. संशोधकाच्या दृष्टीने मात्र त्या वेगवेगळ्या साक्षी आहेत. त्यांची उलटतपासणी करण्याचे पहिले साधन म्हणजे शाळेत शिकवला जाणारा साधा भागाकार.

२.
भाज्याला भाजकाने भागले की दोन गोष्टी हाती येतात : भागाकार आणि बाकी. वाटणी करताना लक्ष भागाकाराकडे असते. बाकी म्हणजे उरलेसुरले. कालगणनेत हे नाते उलटे होते. वार सात, संवत्सरे साठ. दोन्ही चक्रे फिरून मूळ ठिकाणी येतात. किती फेरे झाले हे भागाकार सांगतो, पण चक्र नेमके कोठे थांबले हे केवळ बाकी सांगते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये कुट्टकाची रीत दिली, ती बाक्यांवरून मूळ संख्या शोधण्याचीच. पुढे इ.स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही कुट्टकाला स्वतंत्र स्थान मिळाले.

३.
संवत्सर काढण्याची दक्षिणेकडील रीत सोपी आहे. शालिवाहन शकात १२ मिळवावे, बेरजेला ६० ने भागावे आणि बाकी पाहावी. बाकी १ म्हणजे प्रभव, २ म्हणजे विभव, ३ म्हणजे शुक्ल. बाकी शून्य राहिल्यास साठावे क्षय. १२ मिळवायचे कारण असे की, या गणनेत शके १ ला तेरावे प्रमाथी संवत्सर येते.

४.
आता जेधे शकावलीची नोंद तपासू. १५५१ + १२ = १५६३. यास ६० ने भागता भागाकार २६, बाकी ३. तिसरे संवत्सर शुक्ल. शक आणि संवत्सर जुळले.
राज्याभिषेकाचे शके १५९६. १५९६ + १२ = १६०८; भागाकार २६, बाकी ४८. अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेक शकाचा आरंभही आनंदनाम संवत्सरातच झाला. म्हणून राजशकाच्या आकड्यात ४७ मिळवले की शिवकाळातील कोणत्याही राजशकाचे संवत्सर निघते : राजशक ४ म्हणजे ५१ वे, पिंगल. एखाद्या पत्रात राजशक ४ आणि राक्षस संवत्सर एकत्र आढळले, तर लेखकाची चूक, नकलेतील दोष किंवा बनावट यांपैकी काहीतरी घडले आहे, हे अक्षरवटिकेकडे वळण्यापूर्वीच कळते.

५.
परंतु बाकीच्या साक्षीला मर्यादा आहेत. शुक्ल संवत्सर शके १५५१ ला येते, तसेच १४९१ आणि १६११ लाही येते. केवळ संवत्सरावरून साठ वर्षांचा फेर कळत नाही. त्यासाठी भागाकार, म्हणजेच शकाचा आकडा हवा.
दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. काही उत्तरकालीन बखरींनी शिवजन्म शके १५४९ मधला मानला. १५४९ + १२ = १५६१; बाकी १, प्रभव. म्हणजे ‘शके १५४९, प्रभव’ ही जोडीही गणिताने निर्दोषच ठरते. बाकी विसंगती उघड करते. सुसंगत दिसणाऱ्या दोन पक्षांत खरा कोणता, हे ती सांगू शकत नाही. तेथे साधनांचे बळ तोलावे लागते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली पुढे आणली आणि कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’नेही शके १५५१ चीच ग्वाही दिली. त्यामुळे १५५१ चे पारडे जड झाले.

६.
वाराची कसोटी सातने भागण्याची. शिवजन्माचा दिनांक तेव्हाच्या ज्युलियन गणनेने १९ फेब्रुवारी १६३०. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४. मधली ४४ वर्षे म्हणजे ४४ × ३६५ = १६,०६० दिवस; त्यात ११ लीप दिवस आणि १९ फेब्रुवारी ते ६ जून हे १०७ दिवस मिळवले की १६,१७८ होतात. ७ ने भागता भागाकार २,३११, बाकी १. जन्मवार शुक्रवार, म्हणून ६ जून १६७४ हा शनिवार.

७.
येथे एक पेच उभा राहतो. जेधे शकावली राज्याभिषेकाचा वार शुक्रवार देते आणि तिथी द्वादशी. मग नोंद चुकीची मानायची काय? नाही. सिंहासनारोहण झाले तेव्हा रात्र तीन घटका, म्हणजे सुमारे ७२ मिनिटे, उरली होती. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. म्हणून त्या पहाटे शुक्रवारच चालू होता. मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या युरोपीय गणनेत मात्र ६ जून लागून शनिवार आला होता. बाकीतला तो एक म्हणजे दोन कालगणनांच्या उंबरठ्यांतले अंतर.

८.
म्हणूनच सूत्र वापरण्यापूर्वी नोंद कोणत्या परंपरेची आहे, हे पाहावे लागते. नर्मदेच्या उत्तरेकडील संवत्सरगणना गुरूच्या गतीला बांधलेली असल्याने तेथे सुमारे ८५ वर्षांनी एका संवत्सराचा लोप होतो. १२ मिळवून ६० ने भागण्याची दक्षिणी रीत तेथील लेखाला लावली, तर खरा दस्तऐवजही खोटा भासेल. भागाकार बिनचूक असला तरी त्याला कोणती संख्या द्यायची आणि मोजणी कोठून सुरू करायची, हे इतिहासानेच सांगावे लागते.