थंडीवर घातलेला आळ

पौषाच्या सुमारास मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. डिझेल गाडी सकाळी उठत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि एकदा इंजिनाने स्टार्ट घेतला की मग दिवसभर त्याची कुरकुर नसते. निदान ठरलेले असते: थंडी. त्यावर हिटर प्लगचा नवा संच बसवला जातो. कधी गुण येतो, पुष्कळदा येत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली पहाट साधारण १८ ते २० अंशांची असते. या हवेला थंडी म्हणणे माणसाच्या कातडीला शोभते, लोखंडाला नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डिझेल इंजिन आले ते मोटारीतून नव्हे. ते आधी गिरणीत, बागेतल्या पंपावर आणि होडीत आले. तो इतिहास नीट पाहिला, तर सकाळी अडणाऱ्या इंजिनाचा दोष हवेतल्या गारठ्याकडे फार थोडा जातो. तो जातो गळणाऱ्या दाबाकडे, नळीत शिरलेल्या हवेकडे, डिझेलात मिसळलेल्या पाण्याकडे आणि खाऱ्या हवेने खाल्लेल्या तारांच्या जोडांकडे. हे जुन्या इंजिनवाल्यांना ठाऊक होते. आपण ते विसरलो.

मुळापासून पाहू. रुडॉल्फ डिझेलला आपल्या इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९७ मध्ये त्याचे इंजिन खात्रीने चालू लागले. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी जोरात दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो पेटतो. सायकलचा पंप जोरात मारताना त्याचे बूड गरम होते, तीच ही गोष्ट. आता साधे गणित करू. बाहेरची हवा २० अंशांची असेल आणि इंजिन तिला मूळ जागेच्या अठराव्या हिश्श्यात दाबत असेल, तर चांगल्या स्थितीतल्या इंजिनात दाबलेल्या हवेचे तापमान सुमारे ४२५ अंशांवर जाते. बाहेर शून्य अंश असले, तर तेच ३७५ च्या आसपास भरते. म्हणजे मालवणची हवा काढून तिथे हिमालयातली हवा भरली, तरी तोटा पन्नास अंशांच्या आतला. उलट हवा तीच २० अंशांची ठेवा, पण रिंगा झिजलेल्या, व्हॉल्व्ह नीट न बसणारे आणि सेल्फ सुस्त फिरणारा असा धरा. दाबली जाणारी हवा निम्मीशिम्मी निसटते, उरलेली आपली उष्णता सिलिंडरच्या भिंतींना देऊन बसते, आणि तापमान अडीचशेच्या घरात अडकते. तिथे डिझेल पेटले तर पेटले. जळाले नाही तर त्याची वाफ पांढऱ्या धुराच्या रूपाने मागून बाहेर पडते. शून्य अंशाची हवा जेवढे हिरावून घेते, त्याच्या तिपटीहून जास्त हे म्हातारपण हिरावून घेते.

हे गणित कारागिरांनी हाताने सोडवले होते. डिझेलच्याच काळात इंग्लंडमध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टने काढलेले तप्त गोळ्याचे इंजिन कमी दाबाचे होते. चालू करण्याआधी त्याच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलँपने काही मिनिटे तापवावा लागे, मग हवा कितीही उबदार असो. जो दाब नाही त्याची भरपाई बाहेरच्या आगीने करायची, असा तो व्यवहार होता. १९३० च्या आगेमागे लिस्टर कंपनीने काढलेल्या सी. एस. इंजिनाचे वैशिष्ट्य हेच की त्याला दिवा लावावा लागत नसे. हँडल मारले की ते थंडच्या थंड उठे, आणि त्याच्या नावातली अक्षरेही ‘कोल्ड स्टार्ट’चीच. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी या घडणीची इंजिने देशभर पोचवली. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्यांचे एव्ही-१ हे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन शेतकऱ्याच्या घरातले झाले.

कोकणात वीज गावोगाव पोचण्याआधी भाताची गिरण आणि माड-पोफळीच्या बागेतला पंप चालवला तो अशाच इंजिनांनी. त्यांत बॅटरी नव्हती, हिटर नव्हता, सेल्फ नव्हता. होते ते हँडल, जड फ्लायव्हील आणि दाब मोकळा सोडणारा छोटा लिव्हर. लिव्हर उचलून चाकाला वेग द्यायचा आणि ऐन वेगात लिव्हर पाडायचा, की साठलेल्या वेगाने पहिला दाब पार होई. वेगाला एवढे महत्त्व का, हे वरच्या गणितातून कळते: झटक्यात दाबलेल्या हवेला उष्णता गमवायला वेळच मिळत नाही. इंजिन फार झिजले की चालवणारा त्याच्या तोंडात चमचाभर वंगणाचे तेल सोडी. हा चमचा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. तेलाने सिलिंडर तापत नाही. ते रिंगा आणि भिंत यांच्यामधली फट भरते, गळणारी हवा अडवते, आणि मघाशी मेलेले इंजिन उठते. हवामान तेच, सकाळ तीच. बदलतो तो फक्त दाब.

किनाऱ्यावर असाच मोठा पुरावा होड्यांनी दिला. १९५२ च्या भारत-नॉर्वे करारानंतर केरळात इंजिनाच्या मासेमारी नौकांचा प्रयोग सुरू झाला, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून मुंबई राज्यातही होड्यांना इंजिने बसवायला सरकारी मदत मिळू लागली. रापण ओढणाऱ्या, वल्ह्या-शिडाच्या मालवणी किनाऱ्यावर ही इंजिने सावकाश रुजली, आणि त्यांच्यामुळे उभे राहिलेले ट्रॉलर, पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांचे भांडण अजून मिटलेले नाही. तो विषय स्वतंत्र आणि गंभीर आहे. इथे पाहायचे ते त्या इंजिनांचे वर्षाचे चक्र. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि इंजिने सुमारे दोन महिने गप्प असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ती पुन्हा उठवायची असतात. डिझेल इंजिन उठवायला सर्वांत जड जाते ते अशा लांब विश्रांतीनंतर, आणि तो महिना असतो श्रावण. तेव्हा पहाटेची हवासुद्धा २४-२५ अंशांची असते. थंडी हेच कारण असते, तर या दिवशी इंजिने पहिल्या फटक्याला उठायला हवी होती. ती का अडतात, हे नौकेच्या तांडेलाला आणि इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरला पाठ असते. अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवेतले पाणी सुटून तळाशी बसलेले असते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर शेवाळासारखा चिकट गाळ धरलेला असतो. नळीच्या एखाद्या सैल जोडातून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरलेले असते. वापराविना रिंगा चिकटलेल्या असतात. म्हणून आधी टाकीचा तळ मोकळा करायचा, फिल्टर बदलायचा, हातपंपाने डिझेल चढवून नळीतली हवा काढायची, आणि मगच इंजिनाला हात घालायचा. हा क्रम किनाऱ्यावरच्या इंजिनवाल्यांनी अनुभवाने बसवला आणि तो शास्त्राशी तंतोतंत जुळतो.

यावर कोणी म्हणेल की होडीचे इंजिन आणि मोटारीचे इंजिन यांची तुलना कशी करायची? तुलना करता येते, कारण अनेक नौकांत बसवलेली इंजिने ट्रकच्याच घराण्यातली असतात. अशोक लेलँडची इंजिने समुद्रासाठी बदलून नौकांत वापरली जातात. फरक पडला तो मोटारींच्या घडणीत. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक काढले, तेव्हा त्यांच्या इंजिनात डिझेलचा फवारा मुख्य सिलिंडरात न पडता आधी एका छोट्या कोठडीत पडत असे. १९८० मध्ये अ‍ॅम्बॅसॅडर डिझेल आली, मग प्यूजोच्या इंजिनाच्या महिंद्रा जीपगाड्या, बजाज टेंपोची ट्रॅक्स, १९९४ ची सुमो. कुडाळ-मालवण-कणकवलीच्या वडापने ज्या गाड्यांवर वर्षानुवर्षे माणसे वाहिली, त्यांतल्या बहुतेक या कोठडीच्या घडणीच्या होत्या. कोठडीने आवाज कमी केला, पण तिच्या भिंती दाबलेल्या हवेची बरीच उष्णता शोषून घेत. म्हणून प्रत्येक कोठडीत तापणारी तार, म्हणजे हिटर प्लग, बसवावा लागला, आणि डॅशबोर्डवर त्याचा पिवळा दिवा आला. चालकाच्या मनात समीकरण पक्के झाले ते इथे: दिवा विझेपर्यंत थांबायचे, इंजिन तापवायचे, म्हणजे शत्रू थंडी. घडणीतल्या एका उणिवेवरचा उपाय रोगाचे नाव होऊन बसला. पुढे कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या सिलिंडरांना दाबाखालचे डिझेल पुरवणाऱ्या, गाड्यांत फवारा पुन्हा थेट सिलिंडरात पडू लागला. किनाऱ्याच्या हवेत धडधाकट कॉमन रेल इंजिन हिटरवाचूनही बहुधा उठते. पण समजूत तशीच राहिली.

दोन आक्षेप खरेच विचार करण्याजोगे आहेत. पहिला आंबोलीचा. सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या आंबोलीत हिवाळ्याची पहाट १० अंशांपर्यंत उतरते. तिथे तरी थंडी मान्य करा, असे म्हणता येईल. मान्य आहे, पण हिशेबाने. १० अंशांच्या हवेने दाबातले तापमान २३-२४ अंशांनी घटते. निरोगी इंजिनाला ते जाणवतही नाही. आधीच काठावर असलेले इंजिन मात्र तेवढ्याने काठावरून पडते. थंडी तिथे आजार उघडा पाडते, निर्माण करत नाही. डिझेल गोठण्याची भीतीही इथली नव्हे. ती लडाखची, जिथे २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारे खास हिवाळी डिझेल आणावे लागले. दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे: दुपारी तीच गाडी एका झटक्यात उठते, मग सकाळीच का नाही? कारण सकाळ ही रात्रभराच्या विश्रांतीनंतर येते. धातू गार झालेला असतो, तेल घट्ट होऊन भिंतींवरून ओघळलेले असते, डिझेल मागे उतरलेले असते, बॅटरीची आदली कमाई थोडी खर्चलेली असते. यातले बहुतेक मे महिन्यातल्या सकाळीही घडते. हवामान आणि इंजिनाची विश्रांती या दोन गोष्टी आपण एकीत घालतो, म्हणून निदान चुकते.

किनाऱ्याची स्वतःची अशी एक व्याधी आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते: मीठ. सेल्फ फिरवताना डिझेल मोटार सहज २०० अँपिअर ओढते. बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीवर खाऱ्या हवेने हिरवट-पांढरा थर चढला आणि तिथे ओहमचा फक्त शंभरावा हिस्सा अडथळा तयार झाला, तरी २ व्होल्ट वाटेतच जळतात. बारातले दहा उरतात, सेल्फ सुस्तावतो, हवा सावकाश दाबली जाते आणि ४२५ अंशांचा आकडा कोसळतो. बॅटरीही थंडीने मरत नाही. तिच्या पट्ट्या मार्च ते मेच्या उकाड्यात झिजतात आणि त्याचा हिशेब पौषात चुकता होतो. देवबाग-तारकर्लीच्या वाळूलगत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने हिटर प्लगच्या पैशांआधी एक सँडपेपर आणि थोडे ग्रीस खर्च करावे.

हे ज्ञान जपण्याची निकड आता वाढली आहे. १ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, मारुतीसारख्या कंपनीने डिझेल मोटारी बंद केल्या, आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले. नव्या डिझेल मोटारी कमी येतील. जिल्ह्यात फिरतात त्या दरवर्षी वयाने वाढतील, म्हणजे गळका दाब आणि सैल जोड हेच दुखणे वाढत जाईल. स्कॅनर लावला म्हणजे हा प्रश्न सुटला, असे काही जण मानतात. स्कॅनर रेलचा दाब आणि बॅटरीचा व्होल्ट दाखवतो, ते उपयोगीच आहे. पण झिजलेल्या रिंगा तो थेट दाखवत नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन गेज लागतो, किंवा तो तेलाचा चमचा. धूर पांढरा येतो की येतच नाही, हे पाहायला तर काहीच लागत नाही: पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही, धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनाने आणि जिल्ह्यातल्या आयटीआयनी सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांवरच्या जुन्या इंजिनवाल्यांकडे विद्यार्थी पाठवावेत, त्यांचा क्रम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि तो अभ्यासक्रमात ठेवावा. तोपर्यंत गाडी असणाऱ्यांनी एवढे करावे: सकाळी इंजिन अडले तर आधी डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सोडून पाहावा, मग बॅटरीचे जोड घासावेत, मग नळीतली हवा काढावी, मग कॉम्प्रेशन मोजावे. कोठडीच्या जुन्या इंजिनात हिटरची पाळी त्यानंतर लगेच. कॉमन रेलच्या गाडीत अगदी शेवटी.