काळाशी शर्यत लावणारे औषध

औषध म्हटले की ते कपाटात ठेवावे आणि लागेल तेव्हा काढावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्या औषधाचा इतिहास येथे आम्ही मांडत आहोत, ते मात्र कपाटात टिकत नाही. तयार झाल्या क्षणापासून ते क्षीण होऊ लागते. सहा तासांत निम्मे, बारा तासांत पाव. त्याचे नाव टेक्निशियम-९९एम. रोग्याच्या शिरेत ते अल्प प्रमाणात टोचले म्हणजे त्याच्या किरणांवरून हाडांचे, यकृताचे किंवा हृदयाचे चित्र बाहेरच्या यंत्रावर उमटते.

किरणोत्सारी द्रव्याने माग काढण्याच्या या कल्पनेचा उगम एका रोपट्यात आहे. १९२३ साली हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने शेंगवर्गीय रोपांच्या मुळांना किरणोत्सारी शिशाचे पाणी दिले आणि ते शिसे खोडापानांत कसे चढते हे पाहिले. १९३४ साली जोलिओ-क्यूरी दांपत्याने अशी द्रव्ये कृत्रिम रीतीने बनविता येतात हे सिद्ध केले.

आपल्याकडे या कामाचा पाया तुर्भ्यास घातला गेला. डॉ. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. १९६० साली ‘सायरस’ व १९८५ साली ‘ध्रुव’ आली, आणि समस्थानिके मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९६३ साली परळला विकिरण वैद्यक केंद्र निघाले. भट्टी आणि रोगी यांच्यातील दुवा असा जुळला.

परंतु भट्टी मुंबईत आणि रोगी देशभर. यवतमाळचेच उदाहरण घेऊ. मुंबई येथून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर. तेथून निघालेल्या टेक्निशियमचे वाटेत समजा १८ तास गेले, तर येथे पोहोचेल तो फक्त आठवा हिस्सा. यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय आपल्या शेतकऱ्यास चटकन पटेल : दूध पाठवू नका, गायच पाठवा! मॉलिब्डेनम-९९ हे द्रव्य ६६ तासांनी निम्मे होते आणि क्षीण होता होता टेक्निशियमला जन्म देते. त्याच १८ तासांत त्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग शिल्लक राहतो. ते रुग्णालयात न्यावे आणि रोज त्यातून टेक्निशियम काढून घ्यावे. या साधनास शास्त्रज्ञही ‘गाय’च म्हणतात.

युरेनियमच्या भंजनातून मिळणारे मॉलिब्डेनम प्रखर असते. ते छोट्या नळीत मावते. आपल्याकडे साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनांचा मारा करून ते बनवीत. ते सौम्य असे. म्हणून आपल्या रुग्णालयांतून मेथिल एथिल कीटोन या द्रावकाने टेक्निशियम वेगळे करण्याची रीत दीर्घकाळ चालली. त्यामुळे औषध करण्याचा आणि पारखण्याचा बराच भार रुग्णालयावर आला.

ही पारख कशी करतात? काढलेल्या द्रवात मॉलिब्डेनम उतरले नाही ना, हे प्रथम पाहतात. कुपी जाड शिशाच्या भांड्यात ठेवली की टेक्निशियमचे किरण अडतात. मॉलिब्डेनमचे किरण प्रखर असल्याने आरपार येतात व चोरी उघडी पडते. मग कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून पाहतात, की टेक्निशियम वाहक औषधाशी नीट जोडले गेले आहे की सुटेच राहिले आहे. सुटे राहिलेले टेक्निशियम कंठग्रंथीत व जठरात जाते. चित्र फसवे उमटते आणि वैद्याच्या निदानाची वाट चुकू शकते.

सर्वांत अवघड पारख जंतूंची. जंतू नाहीत हे ठरविण्यासाठी नमुना पोषक द्रवात १४ दिवस ठेवावा लागतो. तेवढ्या काळात टेक्निशियम ५६ वेळा निम्मे होईल! म्हणजे निकाल हाती येण्याच्या कितीतरी आधी औषध रोग्याच्या शरीरात गेलेले असते. अशा वेळी रोग्याची भिस्त कशावर? तर ज्या खोलीत ते बनले तिच्या स्वच्छतेवर, गाळणीच्या अखंडपणावर, आणि प्रत्येक पायरीची नोंद प्रामाणिकपणे करणाऱ्या माणसावर.

१९८९ साली या उत्पादनासाठी ‘ब्रिट’ हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. २००२ साली परळला सायक्लोट्रॉन आला, व त्यातून मिळणारे फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांतच निम्मे होते. साधने बदलली, वेळ आणखी अपुरा झाला. अणुयुगाच्या इतिहासात भट्ट्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. त्यांच्या शेजारी पहाटे नोंदवहीत आकडा मांडणाऱ्या त्या अनामिक पारख्यालाही जागा मिळावी, असे आम्हांस वाटते. कारण दूरच्या रोग्याचा विश्वास अखेर त्याच्याच हाती असतो.