एसक्यूएल इंजेक्शन : आशय व्यवस्थापन प्रणालींतील

एसक्यूएल इंजेक्शन : संकेतस्थळाला भेट देणाऱ्याने भरलेला मजकूर डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत तसाच मिसळला गेल्याने उद्भवणारा सुरक्षादोष. डेटाबेसमधून माहिती काढणे, तिच्यात भर घालणे आणि ती खोडणे यांसाठी एसक्यूएल ही भाषा वापरतात. तिच्या वाक्यात मजकूर अवतरणचिन्हांत ठेवलेला असतो. भरलेल्या मजकुरातच अवतरणचिन्ह आले, तर डेटाबेसच्या लेखी मजकूर तिथेच संपतो आणि पुढचे शब्द आज्ञा म्हणून वाचले जातात. अजाणता घडले तर पान नुसते बिघडते. जाणूनबुजून केले तर वापरकर्त्यांची यादी बाहेर पडते, नवा ॲडमिन तयार होतो, सूचनाफलकावरचा मजकूर बदलतो किंवा तक्ता पुसला जातो.

इतिहास : या दोषाचे पहिले जाहीर वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात जेफ फॉरिस्टल यांनी ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने केले. ओवास्प या संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत ‘इंजेक्शन’ हा गट २०१०, २०१३ आणि २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर होता. २०२१ च्या यादीत तो तिसरा आला.

आशय व्यवस्थापन प्रणालींतील स्थान : वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल यांसारख्या प्रणालींना व्यवहारात सीएमएस म्हणतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसालाही त्यांत लॉगिन करून बातमी, निविदा किंवा निकाल चढवता येतो. बातम्या, निविदा, शेरे, वापरकर्ते आणि त्यांचे सांकेतिक रूपातले पासवर्ड अशी सारी माहिती साधारणपणे एकाच डेटाबेसमध्ये असते. त्यामुळे छायाचित्रांच्या दालनासाठी घेतलेल्या एखाद्या किरकोळ प्लगइनमधल्या छिद्रातूनही सगळे भांडार उघडे पडू शकते. मूळ प्रणालीचा गाभा अनेकजण तपासतात, म्हणून त्यात असे दोष क्वचित सापडतात. प्लगइन, थीम आणि स्थानिक विकसकांनी बेतलेले ‘ॲडमिन पॅनल’ यांच्याकडे तितके डोळे लागलेले नसतात. महाविद्यालये, पतसंस्था व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या जुन्या संकेतस्थळांत या तिसऱ्या प्रकाराचा भरणा मोठा आहे. पत्त्याच्या शेवटी सूचनेचा क्रमांक येतो आणि तो क्रमांक न तपासता थेट आज्ञेत जोडला जातो, ही त्यांची नेहमीची रचना.

देवनागरी मजकूर व अवतरणचिन्हे : या दोषावरच्या इंग्रजी पुस्तकांत अवतरणचिन्ह असलेल्या आयरिश आडनावांचे उदाहरण ठरलेले असते. वसई किंवा गोव्याच्या नोंदींत तेच काम रोमन लिपीत लिहिलेले डि'सोझा करते. मराठी संकेतस्थळांचा प्रश्न मात्र आडनावांपुरता नव्हता. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिकेत साठवला जाई. पडद्यावर देवनागरी दिसे, पण डेटाबेसमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हे पडत. विदर्भातील कार्यालयांत व डीटीपीच्या दुकानांत सर्रास चालणाऱ्या कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये अर्ध्या ‘श्’च्या जागी एकेरी अवतरणचिन्ह असते आणि अर्ध्या ‘ष्’च्या जागी दुहेरी. ‘शासन’ हा शब्द त्यात एकेरी अवतरणचिन्ह, के, के, एल, यू असा साठतो. ‘परिषद’ या शब्दाच्या मधोमध दुहेरी अवतरणचिन्ह येते, आणि मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या मूळ मांडणीत तेही मजकुराची सीमा ठरू शकते. शाळा, शेतकरी, शासन, जिल्हा परिषद, नगरपरिषद, शेष निधी : सरकारी मराठीतील नित्याचे शब्द अशा रीतीने आज्ञा मोडू शकत. मजकूर थेट जोडणाऱ्या प्रणालीत ‘शासन निर्णय’ एवढेच शीर्षक चिकटवून ‘सेव्ह’ दाबले, तरी डेटाबेसचा वाक्यरचनेच्या चुकीचा इंग्रजी इशारा पडद्यावर येई. तो इशारा म्हणजे छिद्र असल्याची उघड कबुलीच होती. मजकूर भरणाऱ्या लिपिकाला मात्र तो फॉन्टचा घोळ वाटे, आणि तसे वाटण्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

यावरचे तात्पुरते उपायही फॉन्टमधूनच ओळखू येतात. विकसकाने अवतरणचिन्हे गाळून टाकली असतील, तर ‘शासन’मधला ‘श’ नाहीसा होऊन नुसते काने उरतात. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत २०१२ पर्यंत ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय होती. ती प्रत्येक अवतरणचिन्हाआधी उलटी तिरपी रेघ आपोआप घाले. कृतिदेवमध्ये ती रेघ प्रश्नचिन्हासारखी दिसते. जुन्या पानांवर प्रत्येक ‘श’ आणि ‘ष’च्या आधी प्रश्नचिन्ह दिसले, तर तिथे ही रेघ दोनदा चढली असावी, असा तर्क करता येतो. पीएचपी ५.४ मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवले गेले, तेव्हा त्यांचे ते तोकडे संरक्षणही संपले. ‘घुग्घुस’ हे गावाचे नाव याच फॉन्टमध्ये दोन प्रश्नचिन्हांसह साठते, कारण अर्धा ‘घ्’ तिथे प्रश्नचिन्हाच्या जागी आहे. पूर्वरचित क्वेरीत (आज्ञा आणि मूल्ये वेगवेगळी पाठवण्याच्या पद्धतीत) प्रश्नचिन्ह म्हणजे मूल्याची राखीव जागा; पण अवतरणांच्या आतले प्रश्नचिन्ह त्यात मोजले जात नाही, म्हणून या नावाने काही बिघडत नाही.

युनिकोडच्या यूटीएफ-८ सांकेतिकेत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतील एकही बाइट अवतरणचिन्हाशी जुळत नाही. चिनी जीबीके सांकेतिकेत दुसरा बाइट उलट्या रेघेसारखा असू शकतो. त्याचा फायदा घेऊन रेघ चढवण्याचा उपाय चुकवता येतो, हे क्रिस शिफ्लेट यांनी २००६ मध्ये दाखवले. मराठीला ती अडचण नाही. मोडी (युनिकोड ७.०, २०१४), मसराम गोंडी (१०.०, २०१७) आणि गुंजाळा गोंडी (११.०, २०१८) या लिप्यांची चिन्हे मात्र चार बाइटांची आहेत. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार चिन्हामागे तीनच बाइट साठवतो आणि काटेकोर मोड बंद असेल, तर पहिल्या चार बाइटी चिन्हापासून पुढचा मजकूर गुपचूप तोडून टाकतो. वर्डप्रेस ४.१.२ (एप्रिल २०१५) मध्ये दुरुस्त झालेला दोष या तुटण्यातून आला होता. तो एसक्यूएल इंजेक्शनचा नसून पानात परकी स्क्रिप्ट घुसण्याचा होता. गोंडी लिप्यांतला मजकूर ठेवायचा असेल, तर ‘यूटीएफ८एमबी४’ हा प्रकार निवडणे अपरिहार्य आहे.

प्रमुख घटना : सर्वांत गंभीर दोष ड्रुपल ७ मध्ये सापडला. जर्मनीतील सेक्शनआइन्स या कंपनीला एका ग्राहकासाठी तपासणी करताना तो आढळला आणि १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ७.३२ ही दुरुस्त आवृत्ती निघाली. इंजेक्शन टाळण्यासाठी म्हणून बांधलेल्या थरातच हा दोष होता, म्हणून तो अभ्यासण्याजोगा आहे. एका मूल्याऐवजी मूल्यांची यादी आली, की हा थर प्रत्येकासाठी राखीव जागा तयार करी; तिचे नाव ठरवताना यादीतील अनुक्रमांक वापरी आणि तो अंकच आहे की नाही, हे तपासत नसे. लॉगिन न करताही बाहेरच्या माणसाला त्या अनुक्रमांकाच्या जागी आज्ञा पाठवता येई. दुरुस्ती एका फंक्शनच्या भरीची होती. घोषणेनंतर काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ फुटले आहे असे धरून चाला, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा चमूने २९ ऑक्टोबरला दिला.

जूमला ३.७.० मधील दोष (मे २०१७ मध्ये ३.७.१ ने दुरुस्त) यादीचा क्रम ठरवणाऱ्या रकान्यात होता. स्तंभाचे नाव किंवा चढता-उतरता क्रम राखीव जागेत बसवता येत नाही, त्यामुळे तेथे नेहमीचा उपाय चालत नाही. अपेक्षित नावांची बंद यादी ठेवून तिच्याशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो. वर्डप्रेसच्या गाभ्यात ४.८.३ (ऑक्टोबर २०१७) आणि ५.८.३ (जानेवारी २०२२) या आवृत्त्यांनी संबंधित दुरुस्त्या केल्या.

सीएमएसबाहेर : ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीची सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती २०१५ मध्ये याच मार्गाने गेली. तिला ४ लाख पौंड दंड झाला.

महाराष्ट्र : जून २०२२ मध्ये भारतीय संकेतस्थळांवर हल्ल्यांची लाट आली, तीत ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बदलले गेले. अशी घटना सरसकट एसक्यूएल इंजेक्शनच्या नावावर टाकण्याचा प्रघात योग्य नाही. चोरलेला पासवर्ड किंवा फाइल चढवण्यातली ढिलाई यांनीही मुखपृष्ठ बदलता येते.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली, आणि त्यासाठी संकेतस्थळ हा सोयीचा मार्ग ठरला. २०११ मध्ये ‘संग्राम’ (संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र) प्रकल्पाने ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले. २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाना असलेले चंद्रपूर तालुक्यातील घुग्घुस २०२० च्या अखेरीपर्यंत ग्रामपंचायतीच्याच कारभाराखाली होते. मग नगरपरिषद झाली. अशा स्थित्यंतरात जुन्या संस्थेचे संकेतस्थळ, त्याचे डोमेन आणि पासवर्ड यांचे काय करायचे, हे हस्तांतराच्या यादीत यायला हवे. दप्तर, शिक्के, वाहने यांची नोंद होते, पण डेटाबेसची अनेकदा होत नाही. बेवारस राहिलेले, आवृत्ती न बदललेले संकेतस्थळ हल्लेखोराला शोधावे लागत नाही. स्वयंचलित साधने दोषी आवृत्तीचा माग काढत फिरतात. गाव लहान की मोठे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. आपले गाव कोण फोडणार, हा समज म्हणूनच घातक आहे.

जिल्हा प्रशासनांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) ‘एस३वास’ ही सामायिक चौकट उभारली आहे. तीत दुरुस्त्या केंद्रस्थानी होतात. गावोगाव वेगवेगळे पॅनल बांधण्यापेक्षा ही पद्धत निःसंशय बरी.



प्रतिबंध : मुख्य उपाय एकच, आज्ञा आणि मूल्ये डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवणे (पूर्वरचित क्वेरी). पीएचपीमध्ये ही सोय २००४ पासून आहे, आणि मजकूर जोडण्याची सवय लावणारे जुने मायएसक्यूएल एक्स्टेन्शन पीएचपी ७ मधून २०१५ मध्ये काढून टाकले गेले. त्यामुळे नव्या कामात हा दोष राहायला तांत्रिक सबब उरलेली नाही. जोडीला संकेतस्थळाच्या डेटाबेस-खात्याला मोजकेच अधिकार द्यावेत, डेटाबेसचे चुकांविषयीचे इशारे वाचकाला दाखवू नयेत, न लागणारे प्लगइन नुसते बंद न ठेवता काढून टाकावेत. वेब फायरवॉलने वेळ मिळतो, छिद्र बुजत नाही. संकेतस्थळाच्या निविदेत बांधणीच्या रकमेबरोबर पाच वर्षांची देखभाल आणि आवृत्ती-बदल मागितला, तर यातील बहुतेक गोष्टी आपसूक होतात.

कायदा : अनधिकृत प्रवेश व माहिती काढून घेणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते, कमाल शिक्षा तीन वर्षे कैद, पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही. सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.