कॉम्प्रेसर घ्यायचाय? एचपी आणि टाकी नंतर बघा, आधी हवा मोजा

ऊसतोडीच्या हंगामाआधी ट्रॉलीला रंग मारायचा असतो, घराच्या गेट-ग्रिलचं काम निघतं, कुणी गावातच फॅब्रिकेशनचं किंवा गॅरेजचं छोटं दुकान टाकतं. अशा वेळी एअर कॉम्प्रेसरची चौकशी सुरू होते. दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती एचपीचा पाहिजे?" आणि दुसरा, "टाकी किती लिटरची?" पण रंग नीट बसणार की नाही, हे या दोन आकड्यांवर ठरत नाही. मशीन मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देते, यावर ते ठरतं. हा आकडा न बघता घेतलेलं मशीन पुढे फक्त चाकात हवा भरायला उरतं.

सीएफएम म्हणजे काय?

एका मिनिटात किती घनफूट हवा मिळते, तो आकडा म्हणजे सीएफएम. १ घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर हवा. प्लेटवर बऱ्याचदा पिस्टन किती हवा ओढतो तो आकडा लिहिलेला असतो. टाकीत पोहोचणारी हवा त्यापेक्षा बरीच कमी, अंदाजे ६० ते ७० टक्के असते. म्हणून दुकानदाराला 'एफएडी', म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा किती, असं स्पष्ट विचारा.

कोणत्या कामाला किती हवा लागते?

हे आकडे अंदाजे आहेत. नेमका आकडा गनच्या किंवा टूलच्या खोक्यावर असतो.

- चाकात हवा भरणे, ट्रॅक्टरचा फिल्टर हवा मारून साफ करणे: २ ते ३ सीएफएम
- डागडुजीची छोटी गन: १ ते ४
- नट खोलायची अर्धा इंची इम्पॅक्ट गन: ४ ते ५, तीही थांबून थांबून
- रंगाची नेहमीची, वर कप असलेली गन: ६ ते १०
- एचव्हीएलपी गन: १० ते १५. रंग कमी उडून जातो, पण हवा जास्त खाते.
- लांबी घासायचा हवेवरचा सँडर: ८ ते १२, तोही सलग

तुमच्याकडचं सगळ्यात जास्त हवा खाणारं टूल धरा, त्यावर पाव भाग वाढवा आणि तेवढी हवा देणारं मशीन बघा. चांगल्या स्थितीतल्या मशीनकडून १ एचपीला ३ ते ४ सीएफएम मिळतात. म्हणजे फक्त हवा भरण्यासाठी १ ते दीड एचपी पुरेसा आहे. गेट, ग्रिल, ट्रॉली रंगवायची तर ३ एचपी आणि १०० लिटरच्या पुढची टाकी बरी. दिवसभर सँडर चालवायचा असेल तर ५ एचपी थ्री-फेजचाच विचार करा.

मोबाईलवर हवा मोजा

दुकानातच टाकी पूर्ण रिकामी करायला सांगा, कॉक बंद करून मशीन सुरू करा आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावा. हिशोब सोपा आहे: टाकीचे लिटर गुणिले काट्यावरचा बार, त्याला २८ ने भागा, मग लागलेल्या मिनिटांनी भागा.

उदाहरण: ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला साडेतीन मिनिटं लागली. ५० गुणिले ८ म्हणजे ४०० लिटर, म्हणजे सुमारे १४ घनफूट. भागिले साडेतीन, म्हणजे ४ सीएफएम.

आता याच मशीनवर ८ सीएफएमची गन लावली तर दर मिनिटाला ४ घनफूट हवा कमी पडते. काटा ८ वरून ४ बारवर येईपर्यंत टाकीतून ७ घनफूट हवा निघते. म्हणजे पावणेदोन मिनिटांत दम संपला! फवारा तुटतो, रंग खडबडीत बसतो, आणि मोटार मात्र थांबतच नाही. मोठी टाकी थोडा वेळ काढून देते, हवा वाढवत नाही.

बेल्टचा की डायरेक्ट?

डायरेक्ट आणि ऑइल-फ्री मशीन हलकं आणि नेण्या-आणण्याला सोपं असतं, पण आवाज जास्त करतं आणि लवकर तापतं. बेल्टवर चालणारं ऑइलचं मशीन जड असलं तरी हळू फिरतं आणि जास्त टिकतं. रोजच्या कामाला तेच घ्या. ऑइलची पातळी मात्र तपासत राहा.

लाईटचं गणित

- २ एचपी सिंगल-फेज मोटार साधारण ९-१० अँपियर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. १६ अँपियरचा सॉकेट, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि अर्थिंग हवंच.
- गेट लांब असेल तर वायर वाढवू नका, हवेचा पाईप वाढवा. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटार जळते.
- लाईट गेली की लगेच मशीनचा स्विच बंद करा. नाहीतर हेडमध्ये दाब अडकून राहतो आणि लाईट आल्यावर मोटार नुसती घुमते.
- शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

पाणी काढा, जीव सांभाळा

- हवा दाबली की टाकीत पाणी साठतं, पावसाळ्यात जास्तच. ते रंगात आलं की फोड येतात. खालचा ड्रेन कॉक रोज उघडा आणि लाईनवर रेग्युलेटरसह पाण्याचा फिल्टर बसवा.
- पाणी न काढल्यास टाकी आतून गंजते आणि फुटू शकते. जुनं मशीन घेताना टाकीला वेल्डिंगचं ठिगळ असेल तर सोडून द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका.
- थिनरच्या वाफेला रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. हार्डनर मिसळायच्या पीयू रंगात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. असा रंग घरात किंवा बंद शेडमध्ये मारू नका.
- रंग मारताना जवळ बिडी, चूल, वेल्डिंग नको. मशीनही लांब ठेवा.
- अंगावरची धूळ हवेने झाडू नका, मुलांच्या हातात पाईप देऊ नका.

वर्षातून एकदाच गेट रंगवायचं असेल तर मशीन भाड्याने आणणं किंवा ब्रशने काम करणं परवडतं. विकतच घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी स्टॉपवॉच लावा, आणि बिल व वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेऊनच निघा.