बासरची पाटी आणि निजामाचे कर्ज

गोदातीरी बासर येथे सरस्वतीसमोर मुलांना पहिली अक्षरे गिरवावयास लावण्याची प्रथा आहे. पूर्वी आदिलाबाद व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडणारे हे गाव निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यावर एकोणिसाव्या शतकात जे कर्ज चढले, त्याचा आकडा तेथल्या पाटीवरही सहज मावला असता : पाचावर सहा शून्ये, म्हणजे ५० लाख. परंतु लिहिता येणारी संख्या डोळ्यांपुढे उभी राहतेच असे नाही.

कंपनीचा रुपया एक तोळ्याचा. या हिशेबाने ५० लाख रुपयांचे वजन १५६२॥ मण भरते. गाडीस वीस मण धरले, तर अठ्ठ्याहत्तर बैलगाड्या भरून वर काही उरेल. क्षणास एक याप्रमाणे रोज दहा तास नाणी मोजणाऱ्यास साडेचार महिन्यांवर लागतील. चित्र ठसठशीत खरे. पण ते केवळ धातूचे. कर्जाचे खरे माप व्याजात आणि तारणात असते.

पामर आणि कंपनीच्या जबर व्याजाच्या देण्यातून सुटण्यासाठी १८२३ साली निजामाने उत्तर सरकारांबद्दल इंग्रजांकडून मिळणारी सालीना सात लाखांची पेशकश १,१६,६६,६६६ रुपयांस कायमची सोडली. शेकडा सहा व्याजाने सात लाखांचे मुद्दल नेमके एवढेच येते. सावकाराच्या वहीत हा हिशेब चोख म्हणावा लागेल. राज्याच्या वहीत मात्र एक पिढीजात उत्पन्न त्या दिवशी संपले.

पुढे कंटिंजंट फौजेचा खर्च थकला. डलहौसीच्या कारकिर्दीत, मे १८५३ च्या तहाने, वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. या मुलखाचा ढोबळ वसूल वर्षाकाठी सुमारे ५० लाख धरला होता. हा मेळ मला आकड्यांच्या योगायोगाहून अधिक बोलका वाटतो. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परतही मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चापोटी अडकूनच राहिले. देणे फिटले आणि गहाण सुटले नाही, असा हा व्यवहार.

१९०२ साली कर्झनने महबूब अली खानांशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, सालीना २५ लाख खंडाने. अवघ्या दोन वर्षांच्या खंडात ते जुने कर्ज बसते. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ : पाटीवर लिहावयाचीच, तर त्या शून्यांखाली ही नावे लिहावीत.