फराळ आणि टिकाऊपणा

दिवाळीचा फराळ म्हणजे धार्मिक परंपरा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दिवाळीचे विधीतले अन्न पाहायचे असेल तर ते कोकण-गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी सापडते. अभ्यंगस्नान उरकून पायाने कारीट फोडले, की पानात येतात पोहे: दुधातले, ताकातले, गुळखोबऱ्याचे. गोव्यात हेच फोव. ते त्या सकाळीच खाऊन संपवायचे असतात. चकली-करंजी-अनारशांची जातच निराळी. शेजारी ताट द्यायचे, लेकीच्या सासरी डबा पाठवायचा, आल्यागेल्यापुढे आठवडाभर बशी ठेवायची, अशा देण्याघेण्यातून फराळाला आजचे रूप आले असे मला वाटते. अशा कामाला टिकणाराच पदार्थ लागतो.

याचा पुरावा कृतींतच आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचे. मग सावलीत फडक्यावर पसरून, किंचित दमट असतानाच कुटायचे आणि गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचे. हे पीठ कितीतरी दिवस राहते. लागेल तेव्हा गोळी खसखशीवर थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तळायची. चकलीची तऱ्हा दुसरी. तांदूळ आणि डाळी भाजून आधीच कोरड्या केलेल्या, पिठात कडकडीत मोहन, आणि सोऱ्यातून पाडलेली चकली मध्यम आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तळलेली. बुडबुडे थांबले म्हणजे आतले पाणी संपत आले. मोठ्या आचेवर घाईने काढलेली चकली वरून लाल दिसते आणि दुसऱ्याच दिवशी मऊ पडते, हे कोणतीही सुगरण सांगेल. करंजीची साक्ष तर धर्माच्या पलीकडे जाते. गोव्यात तिची बहीण नेवरी चतुर्थीला हिंदू घरांत होते, तशीच नाताळात ख्रिस्ती घरांतही, आणि तिथूनही ती शेजाऱ्यांकडे जातेच.

यावर कोणी म्हणेल, हे पदार्थ प्राचीन आहेत, तेव्हा त्यांचे मूळ धर्मातच असणार. तळणीचे पदार्थ जुने आहेत हे खरे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या, १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त डाळीच्या पिठाची तळलेली पुरिका आहे; पण ती येते राजाच्या भोजनाच्या वर्णनात. शिवाय चिवड्याचे काय करायचे? त्यातली मिरची आणि शेंगदाणे दोन्ही मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगीज येण्यापूर्वी इथे कोणाला ठाऊक नसलेले. तरीही चिवडा फराळात मानाने बसला. गंमत अशी, की त्यातला मुख्य जिन्नस पोहेच. भिजवले तर सकाळपुरते, भाजले किंवा तळले तर महिनाभराचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भरल्या ताटाचा हा इतिहास तेल, तूप, साखर परवडणाऱ्यांचा. मान्य. पण जिथे तळण सणासुदीलाच निघे, तिथे एकदा तापवलेल्या कढईतून जितके दिवस पुरेल तितके काढण्याची गरज अधिकच होती. आता फ्रिज आला, बारा महिने दुकानात चकली मिळते, तरी टिकाऊपणाचे काम संपलेले नाही. पुण्या-मुंबईहून अमेरिकेतल्या मुलांसाठी फराळाची पार्सले दिवाळीच्या कितीतरी आधी निघतात. त्यांत चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे भरतात. बासुंदी कोणी भरत नाही.