नगर जिल्ह्यातील रुग्णालये आणि रुग्णाची सुरक्षा

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला मूळ आजाराखेरीज इतरही धोके असतात. शेजारच्या खाटेवरून संसर्ग होतो, औषधाची अदलाबदल होते, अशक्त रुग्ण खाटेवरून पडतो. आणि खुद्द इमारतच जीवावर उठू शकते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे धोके काळानुसार बदलत गेले. जुन्या धोक्यांवर माणसांच्या शिस्तीने बरीच मात केली. यंत्रांबरोबर आलेल्या नव्या धोक्यांकडे मात्र उशिरा लक्ष गेले आणि त्याची किंमत फार मोठी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य माणूस रुग्णालयाला भीत असे. प्लेगच्या साथीत, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईत आर्थर रोडच्या रुग्णालयावर जमावाने हल्ला केला, तो याच भीतीपोटी. जखमेतले जंतू मारण्याची लिस्टर या शल्यचिकित्सकाची पद्धत १८६७ पासून प्रसिद्ध होती; पण ती गावोगावच्या दवाखान्यांत रुजायला अनेक दशके जावी लागली. स्त्रियांची अडचण आणखी वेगळी होती. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे बहुतेक घरांत मान्य नव्हते, त्यामुळे अडलेली बाळंतीण रुग्णालयात पोहोचतच नसे, किंवा अगदी शेवटच्या घटकेला पोहोचे.

१८३१ पासून नगरमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९०४ च्या सुमारास स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय सुरू केले. त्याची धुरा डॉ. रूथ ह्यूम यांच्याकडे होती. स्त्री डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका, उकळून घेतलेली उपकरणे आणि स्वच्छ खोली ही त्या काळच्या रुग्णसुरक्षेची साधने होती. १९३९ मध्ये हे रुग्णालय साल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि पुढे बूथ हॉस्पिटल या नावाने जिल्हाभर ओळखले जाऊ लागले. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेतही नगरकरांना या रुग्णालयाचा मोठा आधार झाला.

याच जिल्ह्यातल्या जामखेडने रुग्णसुरक्षेचा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णालय होतेच, पण भर होता गावातल्या आरोग्यसेविकांवर. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित समाजातल्या होत्या. प्रशिक्षण घेऊन त्या परत गावी जात. निर्जंतुक पाते, दोरा आणि कापड यांनी बाळाची नाळ कापली तर धनुर्वात टळतो, हे त्यांनी घराघरांत पटवले. कोणती बाळंतीण वेळीच दवाखान्यात न्यायची, हेही त्या ओळखू लागल्या. जिथे एकेकाळी हजारी दीडशेहून अधिक अर्भके दगावत, तिथे हे प्रमाण झपाट्याने खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दाखल होण्याची पाळीच न येणे ही रुग्णसुरक्षेची पहिली पायरी आहे, आणि ती जामखेडइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

पुढे लोणीला प्रवरेचे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आले, नगर शहरात खासगी रुग्णालये वाढली. तरी सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या या जिल्ह्यात गरिबाचा शेवटचा आसरा जिल्हा रुग्णालयच राहिला.

कोविडच्या काळात अतिदक्षता कक्ष घाईने वाढवावे लागले. अशा कक्षात व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि वातानुकूलन यंत्रे अहोरात्र चालतात, वायरिंगवर सतत ताण येतो. नाकावाटे वेगाने प्राणवायू देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह सोडते. हवेत प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांहून वाढला की साधी ठिणगी भडका घेते. खिडक्या बंद असल्याने धूर बाहेर जात नाही आणि रुग्ण तर पाऊलही टाकू शकत नाही. म्हणूनच अशा इमारतीत एकाच मजल्यावर धूर अडवणारे वेगळे कप्पे लागतात, जेणेकरून खाटेसकट रुग्णाला पलीकडे ढकलत नेता येईल.

२०२१ हे वर्ष महाराष्ट्रातील रुग्णालयांसाठी भयंकर ठरले. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता कक्षाला आग लागली. आणि ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, सकाळी ११ च्या सुमारास नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता कक्ष पेटला. आत १७ रुग्ण होते. त्या दिवशी ११ जणांचा मृत्यू झाला. कक्ष नवा होता. अग्निसुरक्षेची तपासणी झाली होती, पण तिने सुचवलेली कामे पूर्ण झाली नव्हती, हे आगीनंतर पुढे आले. दोष सापडूनही तो दुरुस्त न होणे, ही या घटनेतली सर्वांत वेदनादायक बाब आहे.

चौकशीसाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींना निलंबित करण्यात आले. एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. त्यावर डॉक्टर व परिचारिकांच्या संघटनांनी निषेध नोंदवला. वायरिंग, निधी आणि आग विझवण्याच्या पाण्याची वाहिनी यांचे निर्णय वॉर्डात पाळीवर असलेल्या परिचारिकेच्या हातात नसतात, हे त्यांचे म्हणणे रास्त होते.

महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा याबाबत स्पष्ट आहे. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक वा भोगवटादार यांची असते, आणि परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. सरकारी रुग्णालयाचा मालक शासन आहे; तेव्हा ही जबाबदारीही आधी शासनाचीच आहे.